‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या’

कुत्री पाळलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करू ऑपरेशन.’ म्हणणारी माणसं प्रेमळ असतात, म्हणून त्यांना कुणी तोंडावर खोडून काढत नाही. मी काढते. आई व्हायची हौस कुत्रीला नसते, आपल्याला असते. एकदा व्यायली की तिची तब्येत सुधारते, स्वभाव निवतो, ही सगळी सांगोवांगी. पशुवैद्यकात तिला आधार नाही.

शिवाय त्या ‘एकदा’साठी नर आणायचा कुठून? बहुतेकदा शेजारच्या सोसायटीतून. व्यवहार ठरलेला असतो. नराच्या मालकाला पैसे नकोत, वेतातलं एक पिल्लू हवं, आणि तेही त्याने आधी निवडायचं. त्याने मादी उचलली की बाप आणि लेक एकाच घरात वाढायला लागतात. लेक साधारण सहा ते नऊ महिन्यांत माजावर येते, मोठ्या जातीची असली तर थोडी उशिरा. ऑपरेशन दोघांचंही झालेलं नसतं. घरचे एक दुपार बाहेर गेले, मधलं दार लावायचं राहिलं, की झालं. फार्महाऊसवर राखणीला म्हणून एकाच वेतातली भाऊ-बहीण आणून सोडतात. तिथे तर लावायला दारही नसतं.

बाप-लेकीच्या किंवा सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत सरासरी २५ टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. आधीच्या पिढ्यांतही असंच झालं असेल तर त्याहून जास्त. एरवी सदोष जनुकाची एकच प्रत असली तर दुसरी, धड असलेली प्रत निभावून नेते. दोन्ही सदोष निघाल्या की निभावून नेणारं कुणी उरत नाही. मग वेतात पिल्लं कमी होतात, काही मेलेली जन्मतात, काही पुढे आंधळी होतात. लॅब्रेडॉरमधला दृष्टिपटल झिजण्याचा आजार असाच, आई-बाप दोघांकडून सदोष प्रत आली की होणारा. खुब्याच्या सांध्याचं दुखणं अनेक जनुकांचं, त्यात वजन आणि वाढीचाही हात असतो. पण रक्त तेच तेच फिरत राहिलं की तेही घराण्यात मुरतं. दहा महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पोर गुळगुळीत फरशीवर उठायला बघतं, मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, ते पुन्हा बसतं आणि शेपटी मात्र हलवत राहतं. हे पाहिल्यावर ‘ओरिजिनल ब्रीड आहे’ हे कौतुक मला ऐकवत नाही.

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि आपल्याकडे घरोघरी पग हवा झाला. त्या जातीची स्थिती काय होती? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये ब्रिटनमधल्या वंशावळी तपासल्या. तिथे पग होते सुमारे १०,०००, पण जनुकीय वैविध्य जेमतेम ५० कुत्र्यांइतकं. त्याच वर्षी बीबीसीच्या माहितीपटाने हा प्रकार चव्हाट्यावर आणला आणि २००९ मध्ये तिथल्या केनेल क्लबने आई-मुलगा, बाप-लेक आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. ज्यांनी वंशावळींचा डौल मिरवला, त्यांनाही अखेर थांबावं लागलं. आपल्याकडे ‘डबल बोन’, ‘पंच फेस’ असं सांगून मोबाइलवर पिल्लं विकणाऱ्याला त्यांचा बाप कोण, हे कुणी विचारतसुद्धा नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू खोक्यात घालून हातात देणाऱ्याला हा नियम दाखवा आणि तिथून निघा.

आता ऑपरेशनबद्दल. ‘पोट फाडायचं, बिचारीला कशाला त्रास?’ त्रास कसा असतो ते सांगते. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी कुत्री सारखी पाणी पिते, खाणं टाकते, पोट तटतटतं. गर्भाशयात पू झालेला असतो. कधी तो बाहेर येतच नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. स्वीडनमध्ये कुत्रीचं ऑपरेशन सरसकट करत नाहीत. तिथल्या विम्याच्या नोंदींत दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ दर चौथ्या कुत्रीला हा आजार झालेला दिसला. तेव्हाही तेच गर्भाशय काढावं लागतं, फक्त म्हातारपणी, रक्तात विष भिनलेलं असताना, रात्री-अपरात्री. तरुणपणी तीच कुत्री बहुधा संध्याकाळी घरी येते आणि दहा-बारा दिवसांत टाके निघतात. मोठ्या जातींत थोडं थांबणं सांध्यांना बरं, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. पण ठरवा. गावठी कुत्रीलाही हेच लागू आहे.

नराचं ऑपरेशन तर याहून सोपं, पोट उघडावंही लागत नाही. तरी ‘आमचा नर आहे, आमच्या घरात थोडीच पिल्लं होणार?’ म्हणून हात झटकणारे जास्त. त्यांना माझा प्रश्न आहे. तुमच्या नराची आजवर झालेली पिल्लं कोणकोणत्या घरी गेली, एकेकाचा पत्ता सांगता येईल? आणि त्यातली जी मादी तुम्ही घरी ठेवली, तिला पहिला माज यायला किती महिने उरलेत?