तुळईला सुविचार

पांझरा नदीच्या त्या काठाला, धुळे शहरात, गल्ल्यांना नंबर आहेत. ‘पाच नंबर’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि नवे गाव सरळ रेषेत आखले. सरळ आखलेल्या गावाला नंबर शोभतात. पूल ओलांडून देवपुरात आलात की मात्र हिशेब बदलतो. इथे घरांना नावे आहेत. वाडीभोकर रोडने नुसते चालत गेलात तरी ‘मातृछाया’, ‘श्रमसाफल्य’, ‘आशीर्वाद’ आणि बऱ्याच ‘गुरुकृपा’ भेटतील. शाळा-कॉलेजांच्या आसपास वाढलेली वस्ती. बंगले बांधले ते बहुतेक मास्तरांनीच. आमच्या कॉलनीत फाटकाशी उभे राहून ‘सर’ अशी हाक मारावी, निदान चार खिडक्या उघडतात.

या चार खिडक्यांपैकी एकीतून सध्या रंधा मारल्याचा आवाज येतो. ते गणिताचे सर. निवृत्त झाल्यावर त्यांनी योगासने केली, कुंड्या केल्या, ज्येष्ठ नागरिक संघाचे हिशेब पाहिले. आता ते जुन्या लाकडाच्या पाट्या रंगवतात.

सुरुवात झाली ती शिंदखेडा तालुक्यातल्या त्यांच्या वडिलोपार्जित घरापासून. घर धाब्याचे. ज्यांनी धाबे पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो: खांबांवर जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचनाची बारीक लाकडे शेजारी शेजारी लावलेली, त्यावर काड्या-पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वर खारी माती पसरायची, म्हणजे पाणी मुरत नाही. उन्हाळ्याच्या रात्री त्याच धाब्यावर अंथरुणे पडायची. खानदेशातला मे महिना ज्याने स्लॅबच्या घरात काढला आहे त्याला त्या मातीच्या थराची किंमत सांगायला नको. पण दरवर्षी खारी टाकायला माणूस मिळेना, उंदरांनी बिळे केली, भावांनी धाबे उतरवून स्लॅब टाकायचे ठरवले. वाटणीत एका भावाला ओटा आला, दुसऱ्याला परसू आला. सरांनी लाकूड मागितले. भावांना वाटले, शिकलेला माणूस, याला काही तरी ठाऊक असणार. सरांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की वखारवाला आलेला आहे आणि तो आजोबांच्या घराचा भाव घनफुटात करतो आहे.

टेम्पो देवपुरात आला त्या दिवशी मॅडम (सरांच्या पत्नी; त्याही निवृत्त शिक्षिका, मराठीच्या) फाटकात उभ्या होत्या. “हे भंगार कुठे ठेवणार?” या प्रश्नाचे उत्तर सरांनी पाठ करून ठेवले होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची जुनी दप्तरे गोळा करत होते, तेव्हा लोक त्यांनाही रद्दीच म्हणत होते. १९२६ च्या अखेरीस ते याच धुळ्यात वारले आणि त्यातली काही रद्दी आज राजवाडे संशोधन मंडळात कपाटांत जपून ठेवली आहे. “राजवाडे कागद आणत होते,” मॅडम म्हणाल्या, “वाळवी नाही.”

मॅडमचा मुद्दा बरोबर होता. जुन्या लाकडाबरोबर भाडेकरू येतात. म्हणून पहिले काम ऊन दाखवण्याचे. आपल्याकडे ते फुकट आणि भरपूर. मग अंबुराने खिळे उपटायचे. जुने खिळे लोहाराने ठोकून केलेले, चौकोनी अंगाचे, सहज निघत नाहीत आणि निघाले की टाकवत नाहीत. मग तारेचा ब्रश. पोखरलेला भाग पटाशीने काढून टाकायचा, भेगांत लांबी भरायची, काचपेपर मारायचा, कीड लागू नये म्हणून औषध लावायचे. दरवाजे आणि खिडक्यांच्या फळ्या असतील तर एक पथ्य फार महत्त्वाचे. हिरव्या-निळ्या ऑइल पेंटचे जुने थर कोरडे घासू नयेत. त्या काळच्या रंगात शिसे मुबलक असे. घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आजोबांच्या दाराला तो ठाऊक नाही. पाणी मारून ओले घासावे, धूळ अडवणारा मास्क लावावा आणि नातवंडांना त्या वेळी आत टीव्हीसमोर बसवावे. टीव्हीचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

हे सगळे झाले की सागवान आतला रंग दाखवतो. सातपुड्यातून कधी तरी बैलगाडीने आलेले झाड, चुलीच्या धुराने वरून काळे पडलेले, काचपेपरच्या दहा-बारा हातांनंतर मधाच्या रंगाचे निघते. त्या क्षणी सर नेहमी मला हाक मारतात. फळीचे दुसरे टोक धरण्यासाठी त्यांना शेजारी लागतो, हे एक कारण; दुसरे म्हणजे कौतुकाला साक्षीदार हवा.

आणि इथेच मला हसू आवरत नाही, कारण याच सुमारास पुण्या-मुंबईकडे नेमका उलटा उद्योग जोरात आहे. तिथे नव्या लाकडाला जुने करतात. नवी कोरी फळी साखळीने बडवतात, खिळ्याने टोचे मारून किडीची खोटी भोके पाडतात. दोन रंगांच्या थरांमध्ये मेणबत्ती घासतात, म्हणजे वरचा रंग काचपेपरने हवा तिथे सोलून निघतो. व्हिनेगरमध्ये लोखंडी तारेचा चोथा दोन-चार दिवस भिजवून ते पाणी फळीवर फिरवतात. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन फळी काळपट-राखाडी होते. आपली बाभूळ टॅनिनने भरलेली, तिच्यावर तर हा प्रयोग झटकन दिसतो. हा उद्योग करणारा माणूसच रविवारी सकाळी स्वतःचे केस काळे करतो आणि दुपारी खुर्ची म्हातारी करतो.

सरांची लेक पुण्यात असते. तिने फोनवर सांगितले, “बाबा, हे विंटेज आहे. यावर छान काही तरी लिहून पाठवा, हॉलमध्ये लावते.” सरांनी आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर ‘आजचा सुविचार’ लिहिलेला. तुळईच्या फळीसाठी त्यांना अर्थातच सुविचार सुचला. सुविचार कोणता, ते मी सांगत नाही. त्यात जीवन होते, संघर्ष होता आणि शेवटी सूर्योदय होता.

अक्षर मात्र सुरेख निघाले. खडूच्या पुडीत बुडवलेले सूत दोन बाजूंना ताणून टिचकी मारली की फळीवर सरळ रेघ उमटते. पेंटर लोकांची जुनी रीत. त्या रेघेवर शिरोरेखा. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले की आपली अक्षरे जमिनीवर उभी राहत नाहीत, ती वरच्या रेघेला लटकतात, धाब्याच्या तुळईला शिंके आणि पाळणा लटकावेत तशी. आणि सागाचा रेषा आडवा जात असेल तर शिरोरेखा त्याच्याच अंगाने धावते, कुंचला अडखळत नाही. खरी परीक्षा उभ्या कान्याला होते. तिथे लाकूड रंगाला बाजूला ओढते. सरांनी पांढऱ्यात थोडे बेलतेल घालून रंग सैल केला, हात मनगटाऐवजी खांद्यातून फिरवला, आणि कान्याला जिंकले.

पाटी वाळत ठेवली होती तेव्हा धाबे उतरवणारा गावाकडचा म्हातारा मिस्त्री राहिलेले पैसे न्यायला आला. त्याने पाटी वाचली. परत वाचली. मग म्हणाला, “सर, येनी ऐंशी वरीस धाबं धरी ठेवं. आते तुम्ही येले काय शिकाडी राह्यनात?”

सरांना नोकरीत कधी कोणी एवढा खोल प्रश्न विचारला नसेल. ते दिवसभर गप्प होते. मॅडमनी तेवढ्यात संधी साधली. गोंदूर हे गाव देवपुरापासून हाकेच्या अंतरावर. “तिथल्या सुताराच्या पोराने १८२ मीटरचा पुतळा उभा केला,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडून चपलांचा स्टँड होत नाही.” राम सुतारांचे नाव आमच्या भागात अभिमानाने घेतले जाते, त्याहून जास्त वेळा ते नवऱ्यांना टोचण्यासाठी घेतले जाते.

माझे मत मिस्त्रीच्या बाजूने आहे. जुनी रंगवलेली पाटी कधी उपदेश करत नव्हती, ती कामाचे बोलत होती. ‘येथे सायकली लावू नयेत.’ ‘पिठाची गिरणी सोमवारी बंद.’ ‘उधार मागून लाजवू नये.’ पत्र्यावर, लाकडी चौकटीत, लाल अक्षराला काळी सावली देऊन, आणि कोपऱ्यात पेंटरचे नाव बारीक अक्षरात. फ्लेक्स आले आणि ती नावे गेली. फ्लेक्सवर आता फक्त वाढदिवस असतात. हाताने रंगवलेल्या अक्षराचा शेवटचा मोठा आश्रयदाता म्हणजे ट्रक. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात भेटतात, त्यामुळे ते साहित्य आम्हाला फुकट वाचायला मिळते. तिथे कमळ, मोर, सासू, नशीब सगळे असते. पण सर्वांत मोठ्या अक्षरात असायचे ते ‘हॉर्न ओके प्लीज’, म्हणजे काम. २०१५ साली परिवहन आयुक्तांनी त्या ओळीला राज्यात मनाई केली, कारण लोक ती आज्ञा समजून खरोखरच हॉर्न वाजवत होते. पाटीचा एवढा परिणाम कोणत्या सुविचाराने केला आहे?

सरांनी ती फळी पुन्हा घासली. सूर्योदय आधी गेला, मग संघर्ष गेला. जीवन जरा खोल मुरले होते, ‘जी’ची वेलांटी अजून तिरप्या उजेडात दिसते. तिच्यावर आता ‘चपला भिंतीकडे ठेवाव्यात’ असे आहे आणि खाली त्याच तुळईच्या तुकड्यांचा स्टँड आहे. लेकीला पुण्याला पाठवली ती पाटी ‘गॅस बंद केला का?’ ही. जावयाने ती हॉलऐवजी बाहेरच्या दारावर आतल्या बाजूने लावली, तेव्हा सरांनी जावयाला प्रथमच शहाणा म्हटले.

मग कॉलनीत मागणी सुरू झाली. सर पैसे घेत नाहीत, पण अट घालतात: मजकूर उपयोगाचा हवा आणि खरा हवा. ‘मोटर बंद करा’ झाली. ‘फाटक लावून घ्या, गाय येते’ ही झाली, आणि ती फाटकाच्या दोन्ही बाजूंना केली, कारण गाय आतूनही जाते असा फाटकवाल्यांचा अनुभव होता. किलचनाच्या तुकड्यांच्या किल्ल्या अडकवायच्या खुंट्या झाल्या, मोडक्या पाभरीच्या चाड्यात कुणी तरी मनीप्लँट लावला. बिया पेरण्यासाठी केलेल्या भांड्यात पानांशिवाय काहीही न देणारी वेल! पण शेती विकून प्लॉट घेतलेल्या घरात चाड्याला तरी दुसरे काय मिळणार. एका ‘गुरुकृपा’वाल्यांना घराचे नाव लाकडात हवे होते. सरांनी विचारले, “कोणते गुरू?” ते विचारात पडले. पाटी अजून झालेली नाही.

खरा पेच आणला तो कोपऱ्यातल्या बंगल्यातल्या बँकेच्या साहेबांनी. त्यांना ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी हवी होती. चांगली दोन फुटी, चौकटीच्या सागवानाची. सर म्हणाले, “पण तुमच्याकडे कुत्रा नाही.” साहेब म्हणाले, “म्हणून तर पाटी.” सरांनी मान हलवली. गणिताचा माणूस, नसलेली वस्तू आहे असे धरून चालायला त्याची हरकत नसते, पण उत्तराच्या ओळीत ते लिहायला असते. दोन दिवस बोलणी चालली. मॅडमनी मध्यस्थी केली, चहा झाला, कांद्याची भजी झाली. शेवटी पाटी लागली. काळ्या फळीवर पिवळे अक्षर, लाल सावली, शिरोरेखा दोरीसारखी सरळ: ‘कुत्रा पाळण्याचा विचार आहे.’

साहेबांना आधी राग आला. आता पाहुणे फाटकात थांबून ती वाचतात, बेल वाजवतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो विचार कुठवर आला याचा. साहेब त्यांना आत बोलावून जातींची माहिती सांगतात. राजपाळयम की गावठी, यावर घरात दोन तट पडले आहेत.