टर्बोराव

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजांकडे संध्याकाळी चक्कर मारलीत, तर एखादा टर्बोराव हमखास सापडेल. वय तिशीच्या आसपास, वडिलांचा धंदा सुरळीत चाललेला, आणि स्वतः कमरेपर्यंत बॉनेटात शिरलेला. ‘काय चाललंय?’ विचारलं की आतूनच उत्तर येतं, “हवा भरालोय भावा.”

गाडी जुनी मारुती एस्टीम. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीतून निघाली तेव्हा ८५ अश्वशक्तीची, अंगानं हलकी. ऑटोक्रॉसमध्ये मातीच्या मैदानात कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. त्या खेळाला ही गाडी आहे तशी झकास, आणि टर्बोरावांना खुपतं ते हेच. आहे तशीच झकास असलेली गाडी घेऊन माणसानं रविवारी करायचं काय?

अभ्यास मात्र दांडगा. तुम्ही नुसतं पाणी मागा, ते १९०५ पासून सुरुवात करतील. त्या वर्षीचं स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं पेटंट, वाया जाणाऱ्या धुरावर फिरणारी चक्री, तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्री, आणि तिनं इंजिनात कोंबलेली हवा. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून दणका जास्त. मिनिटाला लाखावर फेरे घेते ती चक्री, हे सांगताना त्यांचा हातही फिरायला लागतो. १९७७ साली रेनोनं सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमध्ये टर्बो उतरवला, इथं आवाज चढतो. ती गाडी शर्यत पुरी न करताच बसली आणि पुढं तिच्या धुरामुळं लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले, याची आठवण करून दिलीत तर विषय बदलून ते चहा मागवतात.

१९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोवर पुढच्या बाजूला नाव उलट्या अक्षरांत असे. पुढच्या गाडीवाल्यानं आरशात सुलट वाचावं आणि बाजूला व्हावं, ही कल्पना. टर्बोरावांनी तसंच उलटं ‘टर्बो’ देवनागरीत रंगवून घेतलं. आता ऑटोक्रॉसला मैदानात एका वेळी एकच गाडी, त्यामुळं वाचायला पुढं कुणी नाही. हौस रस्त्यावर भागवावी म्हटलं, तर पुढं उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरवाल्याच्या आरशात ऊस सोडून दुसरं काय दिसणार?

टर्बो आणला तो भंगारात निघालेल्या डिझेल जीपचा. मिस्त्रींनी मॅनिफोल्ड वेल्ड करून दिला, इंटरकूलर बसवला, पेट्रोलचा मेळ घातला. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? पण बसवता बसवता मिस्त्री एकदाच बोलले, “मालक, आपल्या मैदानात तिसरा गिअर पडतोय कुठं?”

सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे. थोराड टर्बो जागा व्हायला इंजिनाचे फेरे चढावे लागतात. इथं फेरे चढेपर्यंत वळण येतं, पाय उचलावा लागतो, चक्री मंदावते. पंगत उठल्यावर जिलेबी वाढायला यावं तसा बूस्ट येतो तो नेमका वळणात. एस्टीमची पुढचीच चाकं वळायचं काम करतात आणि ओढायचंही. त्यांना मातीत एवढा जोर दिला की ती जागेवर गरगरतात, नाक सरळ जातं आणि कोन आडवा. वेळेत दंडाचे सेकंद जमा. लांब सरळ रस्ता असता, किंवा कंपनीनंच बसवलेला, लवकर जागा होणारा छोटा टर्बो असता, तर मीही गप्प बसलो असतो. इथं मात्र पहिला पैसा टायरला, मग सस्पेन्शनला, उरलाच तर चालवणाऱ्याच्या शिकवणीला. हे टर्बोरावांना ठाऊक नाही असं नाही. पण टायर घातले तर बॉनेट उघडून लोकांना दाखवायचं काय?

त्यात नियमावली. मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पेट्रोल टर्बोची क्षमता १.७ नं गुणून वर्ग ठरवतात. म्हणजे या हिशेबानं आमची एस्टीम बसल्या जागी २२०० सीसीची झाली आणि दांडग्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. टर्बोरावांनी घरी पेढे वाटले. आई म्हणाली, “पहिला आलास व्हय रं?” “नाही, वरच्या वर्गात गेलो.” आईला तेवढं पुरलं.

शर्यतीच्या दिवशी आवाज असा निघाला की पोरं कुंपणावर चढली. दोन कोन पडले, तिसरा गाडीखाली अडकून शेवटपर्यंत सोबत आला. त्यानंतर कॉलेजातली एक मुलगी वडिलांची अल्टो घेऊन उतरली. आवाज नाही, धूळही बेताची, सगळं कसं दुसऱ्या गिअरमध्ये. फळ्यावर तिची वेळ लागली तेव्हा टर्बोराव गॉगल काढून दोनदा वाचून आले. मन मोठं आहे माणसाचं, थेट तिच्याकडं गेले.

“ताई, गाडीला काय केलंयस?”

“काही नाही दादा. टायर नवे घातले आणि हवा मापात ठेवली.”

टर्बोराव गर्रकन मिस्त्रींकडं वळले. “ऐकलं काय? मी पहिल्यापासनं बोंबलून सांगालोय, सगळा खेळ हवेचा हाय!”