पडद्यावरचा ख्रिस्ती

हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती ओळखण्यासाठी नाव विचारावे लागत नाही. पुरुषाच्या हाती बाटली, स्त्रीच्या अंगात फ्रॉक आणि दोघांच्या तोंडी केवळ स्टुडिओत शिकायला मिळणारी मोडकी हिंदी, एवढ्यावर बाप्तिस्मा पूर्ण होतो. ‘बॉबी’तला (१९७३) जॅक ब्रगांझा मासेमारी करतो आणि पितो, ‘ज्यूली’तले (१९७५) वडील रेल्वेचे इंजिन चालवतात आणि पितात. ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) अँथनी दारूचा गुत्ताच चालवतो. तो जन्माने हिंदू असल्यामुळे चर्चच्या वाट्याला फक्त संगोपनाचे श्रेय येते. ईस्टरचा अर्थ मात्र त्याला नेमका ठाऊक आहे: प्रचंड अंड्यातून टोपी घालून बाहेर पडणे.

फादरचे काम याहून सोपे. कबुलीजबाब ऐकणे, नायकाला ‘माय सन’ म्हणणे आणि गरज पडल्यास मध्यंतराच्या आसपास मरणे.

पडद्यामागचा हिशेब वेगळा आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद-संयोजन सेबॅस्टियन डिसोझा करत. ‘अमर अकबर अँथनी’च्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नावच गुत्तेवाल्या नायकाला मिळाले; गुरुदक्षिणेची ही नवी पद्धत म्हणायची.

मराठी ख्रिस्ती तर या चौकटीत बसतच नाही. ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ साली छापले गेले आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण अस्खलित मराठी बोलणारा, शुद्धीवर असलेला फादर हिंदी निर्मात्यांना अजूनही अवास्तव वाटतो.