घर हवंय? मग बायको आणा!

अहो वहिनी, ऐकलंत का? तुम्ही नेमक्या माहेरी होतात, नाहीतर आपल्या सेक्रेटरींचा चेहरा बघायला मिळाला असता! विसर्जनाच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये पडदा बांधून 'अशी ही बनवाबनवी' लावला होता. १९८८ चा पिक्चर, पण कुणाला पाठ नाही सांगा? आमचा नातू, मराठीचं पुस्तक उघडलं की ज्याला झोप येते, तोसुद्धा पडद्यावरच्या माणसाआधी पुढचं वाक्य म्हणतो.

तर काय सांगत होते... हां, सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार! इस्राईलहून डायबेटिसचं औषध आणणारा माणूस गेला, तर ह्याचा जीव आपल्या सत्तर रुपयांत! सेक्रेटरी मांडीवर थापा मारून हसतायत. त्यांच्या मिसेस हळूच माझ्या कानाशी, "परवा मेंटेनन्सवरून हे अस्सेच वागले." मी तोंडाला पदर लावला बाई.

आणि जोड्या बघा ना त्यातल्या. सचिन-सुप्रिया आधीच नवरा-बायको. लक्ष्या आणि प्रिया अरुणचं पुढे खरोखरच लग्न झालं. पण अशोकमामांची निवेदिता? ती तिथे सिद्धार्थ रेच्या वाट्याला, आणि मामा अश्विनी भावेच्या लिंबू कलरच्या साडीत अडकलेले! तो सिद्धार्थ म्हणजे शांतारामबापूंचा नातू हो. तो आणि लक्ष्या, दोघंही २००४ मध्येच गेले... जाऊ दे. पण लक्ष्या साडी नेसून आला ना, अशा शिट्ट्या पडल्या की वरच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आले.

गोष्ट तशी हृषीदांच्या 'बीवी और मकान'ची, १९६६ सालच्या. तो पिक्चर आता कोण लावतं? पण आपल्याकडे ती वसंत सबनीसांच्या हाती पडली. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस! पुरुषाला साडी नेसवली की चावटपणा कुठे आवरायचा, हे त्यांना सांगायला नको. मला विचाराल तर हसू नुसतं साडीला येत नाही. पोरांना डोक्यावर छप्पर हवं, सरपोतदारानं बाहेर काढलेलं, आणि नवी घरमालकीण लीलाबाई म्हणते, बायकोशिवाय खोली नाही! करतील काय बिचारे? गरज खरी, म्हणून त्यांची थाप गोड लागते. आणि दिग्दर्शक सचिननं पिक्चर असा पळवलाय की विचार करायला उसंतच देत नाही.

कुठे होते मी? हां, इंटरव्हल! सी विंगमधल्या काकूंचा फ्लॅट रिकामा आहे ना, हिंजवडीला नोकरी करणारी चार पोरं विचारून गेली होती. आणि सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये काय ठणकावलं होतं? "बॅचलर नकोत, फॅमिलीच पाहिजे." तर काकू उठल्या, हातात वड्याची प्लेट, आणि सगळ्यांदेखत विचारतात कशा, "सेक्रेटरीसाहेब, इतके हसताय, तर माझी पोरं साडी नेसून आली तर चालतील का?"

अहो, सेक्रेटरींचा वडा तोंडातच राहिला! खजिनदार मोबाइल बघायला लागले. आणि मिसेस? त्या सगळ्यात मोठ्यानं हसल्या!

मिळाला हो, मिळाला पोरांना फ्लॅट. पण हरतील तर ते सेक्रेटरी कसले? नियमांचा कागद चिकटवलाय लिफ्टमध्ये. पहिलाच नियम वाचा: भाडेकरू मुलांनी घरी बायकांना आणू नये. घ्या! लीलाबाई बऱ्या म्हणायच्या, त्या निदान आणा तरी म्हणत होत्या.