बाटलीतली केळी आणि माझा कुकर

"वहिनी, पोरगी रात्री आठ-आठ वाजता यायली म्हणं कॉलेजातून?" चादर भिंतीवर वाळत टाकता टाकता मी सहज विचारलं. सहज म्हणजे काय, चार दिवसांपासून पोटात धरून ठेवलेलं.

वहिनी सुपातल्या तुरीच्या डाळीतले खडे वेचायल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोण म्हणलं? कोपऱ्यावरच्या काकू?"

"नाव कशाला घ्यायचं कुणाचं."

"सांगा त्यांना, केळी बघायला जाते म्हणावं."

वसमत रोडच्या आमच्या गल्लीत एवढी बातमी दोन दिवस पुरते. पण वहिनी भिंतीला टेकल्या, म्हणजे बाकीचं सांगणारच. पोरगी बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट घेतला केळीच्या टिश्यू कल्चरचा. अर्धापूरच्या मामाच्या बागेतून मुनवे आणले. आणायचे, धुवायचे आणि कांद्यासारखा एकेक पापुद्रा काढीत जायचं. हातभर मुनव्यातून शेवटी अंगठ्याच्या नखाएवढा कोंब उरतो. तेवढाच कामाचा.

"आन् हे सगळं कशापायी? मुनवा लावला की केळ येतीच की."

"येती. पण मुनव्यासंगं मातीतला रोग आन् सूत्रकृमीबी येतात. बाटलीतलं रोप निर्मळ. सगळी एका वयाची, म्हणून घडबी मागंपुढं होत नाहीत. जळगावकडं तसली लागण लई."

वहिनी स्वतः दहावी. पण पोरीची वही वाचून वाचून प्राध्यापक झाल्यात. बाटलीत काय असतं तर लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम साखर, चिमटी चिमटी क्षार, आणि घट्ट व्हायला अगार, म्हणजे आपलं चायनाग्रास. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी 1962 साली हे माप बसवलं, ते अजून चालतंय. मग त्या बाटल्या 121 डिग्रीवर, पंधरा पौंडाच्या दाबात वीस मिनिटं. "म्हणजे कुकरच की हो!" मी म्हणलं. "कुकरच," वहिनी म्हणाल्या, "फक्त किंमत ऐकू नका."

पुढचं ऐकून मला माझी आजेसासू आठवली. हात स्पिरिटनं पुसायचे, चिमटा दिव्यावर धरायचा, बाटलीच्या तोंडावर बोलायचं नाही, शिंकायचं तर नाहीच. आजेसासूचं सोवळं तरी दुपारी जेवणं झाली की सुटायचं. आणि साखरच ती. लोणच्यात ओला चमचा गेला की चौथ्या दिवशी काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेच झालं. आधी कोंब काळे पडले, चिरून ठेवलेल्या वांग्यासारखे. ते निस्तरलं, तर लाइट गेली. खोली पंचवीस डिग्रीवर पाहिजे आणि बाहेर परभणीचा एप्रिल! चाळीस बाटल्यांतल्या एकतीस बुरशीनं गेल्या. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

"मग झेरॉक्सवाल्याकडून आणायचा ना तयार प्रोजेक्ट," मी म्हणलं, "आमच्या भाच्यानं आणलता. सोनेरी अक्षराची बाइंडिंग, आतले तक्ते कसे झ्याक!"

"तेच म्हणलं मी. तर अंगावर आली. म्हणती, ज्याच्या तक्त्यात एकबी बाटली सडली नाही, त्यानं बाटली बघितलीच नाही."

खरं सांगते, ते मला लागलं. भाच्यानं केळीचं पान सोडून केळीतलं काही बघितलं नसणार.

तरी भाऊजी तिला चिडवायलेच, "जगात जर्मनी, भारतात परभणी, तुझ्या बाटल्याच सडल्या." तिनं म्हणे जर्मन भाषेतलंच एक काढलं. हाबरलांट नावाच्या माणसानं 1902 साली व्हिएन्नाला लेख छापला. पानातल्या सुट्या पेशी त्यानं जगवल्या, फुगल्यासुद्धा, पण एकीच्या दोन काही झाल्या नाहीत. तरी सगळे त्याचंच नाव आधी घेतात. आणि परभणीचं म्हणाल तर आपल्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' भेंडी काढली, 1985 ची. केवड्यानं भेंडी पिवळी पडायची, म्हणून जंगली भेंडीशी संकर केला, तर पहिली झाडं धड बी धरेनात. मग पुसा सावनीशी पुन्हा पुन्हा संकर. भाऊजी त्यावर पेपर उघडून बसले. (भाऊजींचं हे नेहमीचंच.)

"मग आता?"

"नऊ राहिल्यात. चारीला कोंब फुटलेत, हिरवेगार. त्यांना आता नव्या बाटल्यांत हलवायचं." वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि आवाज बारीक केला. मी कान पुढं केला. "कॉलेजातला तो मोठा कुकर बंद पडलाय हो. तुमचा पाच लिटरचा... दोन दिवसांसाठी..."

म्हणजे एवढं रामायण त्यासाठी!

कुकर दिला. नवी रिंग घालून दिला. पण भिंतीवरून देताना बजावलं, "उद्या सकाळी वरणाला लागतोय, साडेनवाच्या आत परत. आन् काकूंना सांगू नका, त्यांना मागच्या महिन्यात नाही म्हणलंय मी."