कापडी जमिनीचा बंदोबस्त

परंदवडीसारख्या गावी, जेथे भाताची खाचरे आणि नव्या इमारती बांधाला बांध लावून उभ्या आहेत, तेथे तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलेल्या गृहस्थास एके दिवशी असा साक्षात्कार होतो की, आपण मावळ मुलखाचे रहिवासी झालो खरे, परंतु जमीनदार काही झालो नाही. आणि मग ज्या मातीवर सिमेंट ओतून त्याचा सज्जा उभा राहिला, तीच माती तो रोपवाटिकेतून किलोच्या भावाने विकत घेऊन, धापा टाकीत, पुन्हा वर चढवितो. अशा नवोदित खातेदारांच्या सोयीसाठी कापडी पिशवीतील लागवडीचे नियम येथे सादर केले आहेत.

प्रथम क्षेत्राचा विचार. १२ इंच व्यासाच्या आणि तितक्याच उंचीच्या पिशवीत सुमारे २२ लिटर माती मावते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असल्याने तो भरण्यास अशा सुमारे १,४०० पिशव्या लागतील; सबब एका पिशवीसाठी तलाठ्याचे दप्तर उघडविण्याचा आग्रह धरू नये. नमुना सात घरातील कर्त्या स्त्रीच्या नावे आहे असे समजावे. नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, खारी आणि कबुतरे परस्पर करतात.

कापड निवडताना भावनाविवश होऊ नये. आजीच्या सुती लुगड्याची पिशवी शिवण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु सूत आणि ताग हे दोन्ही वनस्पतिजन्य असल्याने मातीतील सूक्ष्मजीव त्यांस आपलाच शिधा समजतात, आणि गोणपाटाचा तळ एका पावसाळ्यात हातात येतो. न विणता, तंतू दाबून केलेले जाड कृत्रिम कापड काही वर्षे टिकते. सिमेंटची रिकामी गोणी उन्हाने भुगा होऊन मातीत मिसळते, म्हणून ती फुकट मिळाली तरी नाकारावी. हा उपदेश मराठी मनास जड जाईल, याची आम्हांस कल्पना आहे.

आता कापडच का, असा प्रश्न शेजारी करतीलच. प्लास्टिकच्या कुंडीत वाढणारे मूळ भिंतीवर आपटले की, तालुक्याच्या कचेरीतील अर्जाप्रमाणे, पुढे जाण्यास वाट नसल्याने गोल गोल फिरत राहते, आणि अखेरीस मुळांचे असे वेटोळे तयार होते की रोप स्वतःच्याच पसाऱ्यात गुदमरते. कापडाच्या कडेशी मात्र मुळाच्या टोकास हवा भेटते. टोक वाळून थांबते, आणि मागील भागास नवे फाटे फुटून संपूर्ण माती बारीक मुळांनी व्यापली जाते. ज्यास अडविले त्याने खचून न जाता मागे वळून शाखा काढावी, हे तत्त्व आपल्या सार्वजनिक मंडळांनी फार पूर्वीच आत्मसात केले आहे.

मिश्रणासाठी परमुलखातून काही मागविण्याची निकड नाही. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस यांवर काम भागते. तूस लवकर कुजत नाही व माती घट्ट बसू देत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ ज्या गिरणीतून आपण आणता, तेथेच तूसही मागावे. गिरणीवाला चमत्कारिक नजरेने पाहील, तिकडे दुर्लक्ष करावे.

पिके कोणती? मिरची, मेथी, गवती चहा, आणि ज्यांस खरोखर कर्तृत्व गाजवावयाचे आहे त्यांनी हळद. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस परंदवडीपर्यंत येता येता बराच खर्ची पडलेला असतो. तरीही आषाढात साचणारे पाणी कंद कुजविण्यास पुरेसे असते, आणि येथेच कापडाची झिरपण्याची वृत्ती उपकारक ठरते. परंतु हीच वृत्ती चैत्रात शत्रू होते. तेव्हा सकाळी दिलेले पाणी संध्याकाळी स्मृतिशेष उरते. माती पार वाळली तर वरून घातलेले पाणी कडेने निसटते. अशा वेळी पिशवी तासभर घमेल्यातील पाण्यात बसवून तिला खालून पिऊ द्यावे, आणि पृष्ठभाग पेंढ्याने झाकावा. कापडावर पांढरी पापुद्री दिसल्यास पंचनामा करू नये. ते क्षार आहेत. पावसाळी हिरवटपणाही निरुपद्रवी होय.

पिशवी विटांवर ठेवून तिच्याखाली ताट ठेवावे, अन्यथा पहिल्याच सिंचनानंतर खालच्या मजल्यावरील काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर तांबडा ओघळ उतरतो, आणि मग उभय पक्षांत जो पत्रव्यवहार सुरू होतो त्याचा मसुदा देणे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे. भिजलेल्या पिशवीचे वजन २५ किलोंच्या आसपास जाते. ती कानास धरून उचलू नये, कान तेवढा हाती राहतो.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेल्या हळदीची पाने माघात पिवळी पडून लवंडली म्हणजे खणण्याचे श्रम नाहीत: जुने वर्तमानपत्र पसरून पिशवी सरळ उपडी करावी आणि माती चाळून कंद वेचावेत. त्याच मातीत पुन्हा हळद लावू नये; शेणखत मिसळून मेथी टाकावी. ओल्या हळदीचे लोणचे घालण्यापूर्वी काही कंद धुऊन, हिशेब न मांडता, काकूंकडे पोहोचवावेत.