आधी कुत्र्याची घाण, मग क्रांती

समलिंगी नेता आपल्याला तीन अटींवर आवडतो. तो परदेशी असावा, मेलेला असावा आणि त्याच्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालेले असावे. सॅन फ्रान्सिस्कोचा नगरसेवक हार्वी मिल्क या तिन्ही अटींत बसतो. त्यामुळे त्याचा माहितीपट पणजीत लावा, सभागृह भरेल आणि डोळेही भरतील. मग त्यातल्याच कुणा पेडणेकराला हळूच विचारा, ‘तुमच्या पेडणे तालुक्यातल्या इब्रामपुरात असा माणूस पंच म्हणून उभा राहिला तर?’ त्याला लगेच घरी जायची शेवटची बस आठवते.

रॉब एपस्टाइनचा ‘द टाइम्स ऑफ हार्वी मिल्क’ १९८४ मध्ये आला. मिल्कचा खुनी त्याच वर्षी जानेवारीत तुरुंगातून सुटला होता. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी डॅन व्हाइटने सॅन फ्रान्सिस्कोच्या पालिका इमारतीत शिरून महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक मिल्क या दोघांना गोळ्या घातल्या. व्हाइट माजी पोलीस, माजी अग्निशमन जवान, माजी नगरसेवक. चारचौघांच्या लेखी गुणी मुलगा. त्याचा कबुलीजबाब ऐकताना ज्युरीतल्या काहींना रडू कोसळले, आणि दोन खुनांना शिक्षा झाली सात वर्षे आठ महिने. त्यातलीही त्याने पाचेक वर्षेच भोगली. अश्रूंवर फार भिस्त ठेवू नये, ती यासाठी.

आपण मात्र या माहितीपटातून नेमक्या मेणबत्त्याच उचलतो. खुनाच्या रात्री हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन मूकपणे चालली, ते दृश्य पाहून गहिवरतो. गहिवरायला खर्च नाही. कामाचा भाग त्याच्या बराच आधी येऊन जातो, तेव्हा प्रेक्षक पॉपकॉर्न शोधत असतो.

हा मिल्क क्रांतीच्या आधी निवडणुकीत तीनदा पडला. १९७३ ला पडला, १९७५ ला पडला, १९७६ ला राज्याच्या विधानसभेला उभा राहिला, तिथेही पडला. मधल्या काळात पोनीटेल कापली, सूट शिवला, कॅमेऱ्याच्या दुकानाचे प्रचार कार्यालय केले. मग निवडणुकीचा नियम बदलला. आधी अख्खे शहर मिळून सगळे नगरसेवक निवडायचे. १९७७ पासून वॉर्डावॉर्डाने निवडू लागले. वॉर्ड झाला आणि मिल्क निवडून आला. मोठ्या शहराने दोनदा नाकारलेला माणूस त्याच्या गल्लीने घेतला.

आणि गल्लीने तो कशासाठी घेतला? घरभाड्यासाठी, बससाठी, म्हाताऱ्यांच्या सोयींसाठी. बिअर वाहणाऱ्या ट्रकचालकांच्या युनियनसाठी त्याने समलिंगी बारमधून कूर्स बिअर हद्दपार करवली. माहितीपटात यंत्रकामगारांच्या युनियनचा एक पुढारी बोलतो. आपले समलिंगी लोकांविषयीचे आधीचे मत तो न लाजता सांगतो, आणि नंतर ते कसे बदलले तेही. त्याला कुणी व्याख्यान दिले नव्हते. मिल्क त्याच्या कामाला आला होता. नगरसेवक झाल्यावर मिल्कचा सर्वांत गाजलेला कायदा कोणता, तर कुत्र्याची घाण मालकाने उचलावी हा. टीव्हीचे कॅमेरे बागेत बोलावले आणि चालता चालता बरोब्बर त्या घाणीत पाय घातला. अशा माणसाला आपण हुतात्मा करून टाकतो, म्हणजे त्याच्याकडून राजकारण शिकायला नको.

आता त्याला इब्रामपुरात आणू. आडनाव मिल्क, म्हणून कुणी त्याला आधी गोवा डेअरीच्या निवडणुकीत ढकलू नये म्हणजे झाले. पंचायतीला उभा राहिला, तर त्याने पहिली सभा समलिंगी हक्कांवर घेतली नसती. शेजारच्या चांदेलात पाण्याचा प्रकल्प, मग आमचा नळ कोरडा का, हे त्याने विचारले असते. मोपाच्या विमानतळावर पेडण्यातली किती पोरे लागली आणि कोणत्या पगारावर, हे विचारले असते. शेवटच्या कदंबा बसची वेळ विचारली असती. तिसऱ्या सभेत कुणीतरी मागून ओरडला असता, ‘तुझा लगीन कधी?’ आणि त्याने हसत खरे ते सांगून टाकले असते.

‘आमच्यात तसले कोण नाही,’ असे गाव म्हणते. बरोबर. गावात फक्त ‘लग्न जमले नाही’ असे लोक असतात. जत्रेचा हिशेब तेच बघतात, आजाऱ्याला म्हापशाच्या इस्पितळात तेच नेतात, दशावताराच्या रात्री खुर्च्या तेच लावतात. त्या सगळ्यांचे कारण एकच असते असे नाही. पण ज्याचे असते, त्याला गाव एकाच अटीवर माया देते: तू बोलायचे नाहीस, आम्ही विचारायचे नाही. मिल्कचा सगळा आग्रह या कराराविरुद्ध होता. घरच्यांना सांगा, शेजाऱ्याला सांगा, कारण ओळखीच्या माणसाविरुद्ध मत देणे जड जाते. हे गणित शहरापेक्षा गावात जास्त चालायला हवे. इथे अनोळखी कोण आहे?

‘पण हे पाश्चात्त्य खूळ.’ ठीक. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ कुठले? इंग्रजांचे, १८६० चे. गोव्यात ते मुक्तीनंतर दंडसंहितेबरोबर पाहुणे म्हणून आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दात काढेपर्यंत राहिले. आणि ज्या समान नागरी कायद्याची आपण देशाला शिकवणी देतो, तो पोर्तुगीजांचा, १८६७ चा; लग्नाचा भाग १९१० चा. पोर्तुगालने २०१० मध्ये आपल्याकडे समलिंगी विवाह मान्य करून टाकला. आजोबांच्या जन्मदाखल्यावर लिस्बनचा पासपोर्ट काढतो तो चालतो, लिस्बनची दुरुस्ती चालत नाही.

शापोरा नदीपलीकडे कोलवाळात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स राहायचे. कुणबी साडी त्यांनी पुन्हा फॅशनमध्ये आणली, २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, गोव्याने मिरवले. जोडीदाराशी असलेले नाते मात्र २००२ मध्ये फ्रेंच कायद्याखाली नोंदवावे लागले. साडी आमची, नाते फ्रान्सचे.

महाराष्ट्राने निदान दार किलकिले केले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला गटातला अर्ज अधिकाऱ्याने फेटाळला, औरंगाबाद खंडपीठाने तो उभा केला आणि २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. दोन्ही गावे. हे तृतीयपंथीयांचे यश. ज्याला लपता येते त्या समलिंगी माणसाची अडचण वेगळी, कारण त्याला लपण्याची सोय सगळे गाव आनंदाने करून देते. अनीश गावंडे २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे राष्ट्रीय प्रवक्ते झाले, उघडपणे समलिंगी असूनही. चांगलेच झाले. पण माइक पक्ष देतो, वॉर्ड मतदार देतो.

इथेच इब्रामपूरची पंचाईत आहे. गोव्यात पंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. म्हणजे ‘आम्ही तयार होतो हो, पक्षानेच तिकीट दिले नाही’ ही सबब बाद. वॉर्ड एवढासा की चार घरे फिरली तर निकाल फिरतो, म्हणजे ‘माझ्या एका मताने काय होणार’ हीही बाद. मागे उरतो फक्त मतदार, त्याच्या दारात उभा राहिलेला उमेदवार आणि कोरडा नळ. पुढच्या वेळी कुणी लग्न न झालेला माणूस मत मागायला आला, तर त्याला लगीन कधी हे विचारू नका. पाणी कधी, ते विचारा. आणि लग्न झालेल्यांनाही विचारा. त्यांनी इतकी वर्षे काय दिवे लावले?